बघणाऱ्यानं बोलायचं नाही

राधाबाई परबांच्या घरी पत्त्यांच्या पेशनचा डाव मांडलेला असला की बघणाऱ्याने बोलायचं नाही, हे काळाचौकीच्या त्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. कुरिअरवाला सही मागायला आला तरी राधाबाई बोटाने दारातलं स्टूल दाखवत. तो बापडा पाकीट मांडीवर ठेवून बसायचा आणि डाव सुटला की अडला हे कळल्यावरच सही घेऊन जायचा.

समोरच्या फ्लॅटमधल्या मीराबाई जाधवांना मात्र या नियमाचा जाच कधी वाटला नव्हता. त्याचं कारण मजल्यावर दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. हा नियम मुळात मीराबाईंसाठीच झाला होता.

त्या गोष्टीला तीस वर्षं झाली. तेव्हा टॉवरच्या जागी चाळी होत्या. राधाबाई एका चाळीत, मीराबाई पलीकडच्या. मीराबाई परळच्या एका इस्पितळात आया होत्या. दहावी झाली तर बढती मिळेल असं कळलं आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी पुस्तकं आणली. पण उघडायची कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, दोन मुलं आणि दिवसभर चालणारा रेडिओ. राधाबाईंची नि त्यांची ओळख रेशनच्या रांगेतली. एक दिवस राधाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे येऊन बस गो दुपारची. रुपाली शाळेत, हे मिलमध्ये. मी एकटीच असते."

पहिल्या दिवशी जागा मिळाली, पण शांतता नाही. राधाबाईंकडे दुपारी बायकांचं येणंजाणं फार. कुणी विरजण मागायला येई, कुणी मुद्दाम बघायला येई. "ही रोज तुझ्याकडेच का बसते?" असं एकीने मीराबाईंच्या देखत विचारलं.  राधाबाईंनी फळीवरून पत्त्यांचा कॅट काढला, जमिनीवर चादर अंथरली, डाव मांडला आणि तोंडावर बोट ठेवलं.

"आता बोलायचं नाही. बघणाऱ्यानं बोललं की डाव बाद होतो. पेशनचा नियमच आहे तसा."

असा नियम जगात कुठेही नाही. पण बायका दहा मिनिटं गप्प बसल्या, कंटाळल्या आणि उठून गेल्या. त्यानंतर वर्षभर रोज तीन ते पाच राधाबाई पत्ते लावत आणि पलीकडच्या भिंतीला टेकून मीराबाई बीजगणिताशी झटापट करत. मार्च चौऱ्याण्णवला परीक्षा झाली. मीराबाईंना एकावन्न टक्के मिळाले. पेढे घेऊन त्या आधी राधाबाईंकडे गेल्या, मग घरी.

पेशनचे खरे नियम राधाबाईंना त्यांच्या यजमानांनी शिकवले होते. गंगाधर परब मिलमध्ये फिटर. त्यांच्या खात्यात फ्रान्सिस नावाचा गोवेकर होता, त्याच्याकडून ते हा एकट्याने खेळायचा डाव शिकले. फ्रान्सिस त्याला पेशन्स म्हणायचा, परबांच्या घरात येईपर्यंत त्याचं पेशन झालं. पत्ते पिसून सात ढीग मांडायचे. पहिल्यात एक पान, दुसऱ्यात दोन, असं करत सातव्यात सात. प्रत्येक ढिगाचं फक्त वरचं पान उघडं. उघड्या पानांवर उतरती रांग लावायची, पण लालवर काळं आणि काळ्यावर लाल. म्हणजे इस्पिकच्या दश्शीवर बदामची किंवा चौकटची नव्वी, त्या नव्वीवर काळी अठ्ठी. एखादा ढीग संपून जागा रिकामी झाली तर तिथे राजाच येणार. एक्का निघाला की त्याला वर बाजूला ठेवायचं आणि त्याच्या रंगाची दुर्री, तिर्री अशी चढती पानं त्यावर रचत जायची. चारही रंग राजापर्यंत पोचले की डाव सुटला.

मांडून उरलेली चोवीस पानं हातात राहतात. ती एकेक करून उलटायची. लागलं तर लावायचं, नाही तर बाजूला टाकायचं. फ्रान्सिसच्या मते हातातली पानं संपली की टाकलेली उचलून पुन्हा सुरुवात करावी, हवी तितक्या वेळा. हे मात्र राधाबाईंना पटलं नाही.

"एकदा सोडलेलं पान परत कसलं मिळतंय? एकच फेरी."

गंगाधर हसायचे. "तुझ्यापेक्षा मिलमधला आमचा मास्तर बरा. तो तरी दोनदा माफ करायचा."

ही कडक फेरी ठेवण्यामागे कारण होतं. राधाबाई नुसता खेळ खेळत नव्हत्या, कौल लावत होत्या. त्यांचं माहेर देवगडकडचं. तिथे काही अडलं की देवळात जाऊन देवीला फुलाच्या कळ्या लावतात. उजव्या अंगाची कळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. मुंबईत ती देवी कुठून आणायची? म्हणून राधाबाई पत्ते पुढ्यात घेत, मनात प्रश्न धरत आणि तीन डाव मांडत. तीनपैकी एक सुटला तरी होकार. रुपालीसाठी ठाण्याचं स्थळ असंच पक्कं झालं. चाळ पाडून टॉवर बांधायच्या कागदावर परबांची सही अशीच झाली. टॉवरच्या बाजूने दुसऱ्याच डावात कौल आला तेव्हा चाळीतल्या त्यांच्या मजल्यावरच्या सात जणांनी त्यांचे आभार मानले होते.

मीराबाई बुद्धविहारात जाणाऱ्या. त्यांचा कौलावर काडीचा विश्वास नव्हता.

"पत्त्याला काय कळतं वैनी? छापखान्यात छापलेला कागद तो."

"तू गप. तुला दहावी याच पत्त्यांनी दिली."

हे मात्र खरंच होतं.

गंगाधर सहा वर्षांपूर्वी गेले. जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्यांच्यामागे राधाबाई सावरल्या, स्वयंपाक करू लागल्या, खाली जाऊन भाजी आणू लागल्या. एक गोष्ट मात्र पहिल्यासारखी झाली नाही. पेशनचा डाव सुटेनासा झाला. पूर्वी आठवड्यातून एखादा तरी सुटायचा. आता महिना महिना जाई. "माणसाबरोबर घराचं नशीब गेलं," असं त्या म्हणत, पण तक्रारीच्या सुरात नाही. आज शुक्रवार आहे असं सांगावं तसं म्हणत.

आणि मग डोळ्यांचं निघालं.

डावा डोळा काचबिंदूने कधीच निकामी झाला होता. उजव्यात मोतीबिंदू वाढला होता. रुपालीने ठाण्याहून येऊन त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर स्पष्ट बोलले. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि आहे ती नजरही जाईल. मंगळवारची तारीख मिळाली.

राधाबाई घरी आल्या. रुपाली गेल्यावर त्यांनी मीराबाईंना हाक मारली.

"माका नको ता ऑपरेशन."

घाबरल्या की त्या मालवणीवर जात. त्यांच्या आईचा धड असलेला एकच डोळा गावच्या शिबिरात ऑपरेशन होऊन गेला होता. राधाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. आईने उरलेली वीस वर्षं भिंत चाचपत काढली.

"अहो, तुमची आई तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसलेली ना? तुम्हीच सांगितलंय," मीराबाई म्हणाल्या. "धूर गेला, डोळा चिघळला. आता पंधरा मिनिटांचं काम असतं. मी कितीतरी जणांना सकाळी आत सोडलंय आणि दुपारी चहा पाजलाय."

"त्यांना दोन डोळे होते गो. माझा एकच आहे."

इस्पितळात पस्तीस वर्षं काढलेल्या मीराबाईंनी डॉक्टरांचा कागद पुन्हा एकदा वाचला.

"मी कौल लावते," राधाबाई म्हणाल्या. "तीन डाव. एक सुटला तर मंगळवारी जाईन. नाही सुटला तर रुपालीला तू सांगायचं."

पहिला डाव त्यांनी तिथेच मांडला. आता गुडघ्यांमुळे चादर नव्हती, जेवणाचं टेबल होतं. मीराबाई समोर बसल्या. डाव छान चालला होता. दोन एक्के लवकर निघाले. इस्पिकची दश्शी एका ढिगावर उघडी होती आणि हातातून पान आलं बदामची नव्वी. मीराबाईंना वाटलं, सुटला बहुतेक. राधाबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं आणि पुटपुटल्या, "छक्की." पान बाजूला पडलं.

मीराबाईंचं तोंड उघडलं आणि मिटलं. बोललं की डाव बाद.

त्या नव्वीवाचून तो ढीग तसाच अडून राहिला. डाव बंद पडला. राधाबाईंनी पत्ते गोळा केले. मग मात्र मीराबाईंना राहवलं नाही.

"वैनी, ती छक्की नव्हती. नव्वी होती. दश्शीवर बसली असती."

"मला छक्की-नव्वी कळत नाही?" राधाबाईंचा आवाज चढला. "पन्नास वर्षं खेळतेय मी. तुझा विश्वास नाही ना कौलावर? मग मधे मधे करू नको."

पत्ते कॅटमध्ये मिसळून गेले होते. दाखवायचं काय?

घरी येऊन मीराबाई पोळ्या लाटायला बसल्या, पण लक्ष लागेना. घरात कुणी ऐकायलाही नव्हतं. मुलगा राजरत्न नोकरीला बंगळुरात, मुलगी नाशिकला. ही बाई डोळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही हे विचारतेय आणि उत्तर त्याच डोळ्याने वाचतेय. असे शंभर डाव मांडले तरी शंभरांतून नकारच येणार. हे तिला समजावायचं कसं? डाव चालू असताना बोलता येत नाही, संपल्यावर पुरावा उरत नाही. आणि तोंड बंद ठेवायचा हा नियम कुणापायी झाला, ते आठवलं की मीराबाईंना पोळी लाटता लाटता थांबावं लागे.

शनिवारी त्या बाजारातून येईपर्यंत राधाबाईंनी दुसरा डाव एकटीने खेळून टाकला होता. दारातच सांगितलं, "नाही सुटला." आवाज शांत होता. पण खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात मुठीत वळलेला होता, ते मीराबाईंनी पाहिलं.

रविवारी दुपारी तीनला तिसरा डाव मांडला गेला. ठरलेली जुनी वेळ. मीराबाई मुद्दाम भिंतीला टेकून बसल्या, पूर्वी पुस्तक घेऊन बसायच्या तशा. सात ढीग झाले. पानं हलू लागली. राधाबाई पान उलटत, नाकाजवळ नेत, लावत किंवा टाकत. मीराबाई बघत राहिल्या आणि त्यांना तीस वर्षांपूर्वीची चार वाजताची वेळ आठवली. गंगाधर पहिली पाळी करून घरी येत. हातपाय धुऊन, चहाची बशी घेऊन बायकोच्या मागे उभे राहत. राधाबाई घाईने खेळणाऱ्या. लागणारं पान त्यांच्या हातून निसटायला लागलं की गंगाधर खोकत. मिलमधल्या माणसाचा खोकला, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण मीराबाई समोर बसून बघत होत्या. तो खोकला कधी आपल्या वेळेला येत नसे, पानाच्या वेळेला येई. एकदा मीराबाईंची आणि त्यांची नजरानजर झाली तेव्हा गंगाधरांनी बशीआडून एक डोळा मिचकावला होता. मीराबाईंनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवराबायकोच्या मधलं ते, आपण कशाला बोला?

टेबलावर किलवरची सत्ती उघडी होती. हातातून चौकटची छक्की आली. राधाबाईंनी ती पाहिली, मान हलवली आणि टाकायला हात उचलला.

मीराबाई खोकल्या.

हात हवेत थांबला.

"तुका खोकलो कधी झालो?"

 राधाबाईंनी एकवार त्यांच्या दिशेने पाहिलं, मग हातातल्या पानाकडे. त्या उठल्या. खिडकीपाशी जाऊन त्यांनी पान उजेडात धरलं, अगदी पापण्यांना लागेल इतकं जवळ, आणि त्यावरच्या खुणा नखाने एकेक मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"मी अठ्ठी समजले होते," त्या म्हणाल्या.

त्या परत येऊन बसल्या आणि छक्की सत्तीवर लावली. पुढची चार पानं बरोबर गेली. पाचव्याला मीराबाई पुन्हा खोकल्या. या वेळी राधाबाई खिडकीकडे गेल्या नाहीत. पान हातात धरून तशाच बसून राहिल्या.

"हे असेच खोकायचे," त्या म्हणाल्या. "अगदी असेच. दोनदा, आणि मग घसा साफ केल्यासारखं." त्यांनी मान वर केली. "मीरा, तो खोकला नव्हता?"

मीराबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"बोल गो बाई! डाव मोडला मी." राधाबाईंनी दोन्ही हातांनी टेबलावरची पानं एकत्र केली. "बोल आता."

"नव्हता," मीराबाई म्हणाल्या. "तुम्ही पान सोडायला लागलात की खोकायचे. मी रोज बघायची."

"आणि मी वीस वर्षं त्या माणसाला अडुळशाचा काढा पाजला!"

"प्यायले बिचारे. बोलायची बंदी होती ना."

राधाबाई हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. पुन्हा हसल्या. "कडू जहर असतो तो काढा," त्या म्हणाल्या. "वर गूळसुद्धा देत नव्हते मी. तोंडाला गोड चव राहिली की गुण येत नाही, असं मी म्हणायचे. आणि तो माणूस एका दमात प्यायचा, पेला पालथा घालायचा." पदर ओला झाला होता. मीराबाई उठल्या नाहीत, पाणी आणायच्या निमित्तानेही नाही. इस्पितळात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. माणूस असं रडत असेल तर जवळ नुसतं बसून राहावं.

शेवटी राधाबाईंनी कॅट चौकोनी करून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"म्हणजे पान बरोबरच येत होतं. मीच सोडत होते."

"हो."

"ती बदामची नव्वी होती?"

"नव्वीच होती वैनी."

"मग तो डाव नकाराचा नव्हता."

"तिसरा तुम्ही मोडलात," मीराबाई जरा भीत भीत म्हणाल्या. "त्याचं काय धरायचं?"

"नियम कुणी केले? मीच ना?" राधाबाई उठल्या. "रुपालीला फोन लाव. आणि मंगळवारी आत जाताना तू दारापर्यंत ये. पुढे सोडत नसतील तर बाहेरून खोक."

मंगळवारी मीराबाई दारापर्यंत गेल्या. तिथे तोंडाला हिरवा मास्क लावलेल्या मुलीने त्यांना थांबवलं आणि मग निरखून पाहिलं. "अय्या, मीरामावशी तुम्ही? तुम्हीच मला पहिल्यांदा ग्लोव्हज घालायला शिकवलं होतं." तिने राधाबाईंचा हात धरून त्यांना आत नेलं. दार मिटताना मीराबाई मोठ्याने खोकल्या. बाकावरच्या दोन बायका तोंडाला पदर लावून दूर सरकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली. राधाबाईंनी डॉक्टरांना हात जोडले आणि मग बाजूला उभ्या मीराबाईंकडे बघत राहिल्या.

"अगो, केस केवढे पिकले तुझे! कुणी सांगितलं नाही मला."

"चार वर्षं झाली पिकून."

"आणि ही माझी साडी निळी कशी?"

"निळीच आहे. हिंदमाताला सेलमध्ये मीच घेऊन दिली."

"मी हिरवी समजून नेसत होते!"

पुढचे चाळीस दिवस मीराबाईंनी राधाबाईंना गॅससमोर उभं राहू दिलं नाही. औषधाचे थेंब दिवसातून सहा वेळा, मग चार, मग दोन. वेळा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक थेंबानंतर त्या एक रेघ मारत. दोन्ही घरचा स्वयंपाक मीराबाईंकडेच होता. रुपाली दर रविवारी यायची आणि परत जाताना मीराबाईंच्या पाया पडायची. मीराबाई तिला दरवेळी रागवायच्या.

"तुझ्या आईने मला वर्षभर शांतता दिली, माहितीय? तशी कुठे विकत मिळते का?"

चाळीस दिवस संपले त्या दुपारी तीन वाजता राधाबाईंनी कॅट काढला. पानं हातात घेताच त्यांनी नाक मुरडलं. "शी! केवढी मळलीत!" त्यांनी ओल्या फडक्याने बावन्नच्या बावन्न पानं पुसली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि मग डाव मांडला. मनात प्रश्न कुठलाच नव्हता. मीराबाई भिंतीला टेकून पेपर वाचत बसल्या.

राधाबाई सावकाश खेळत होत्या, एकेक पान बघून. गुलामाची मिशी, राणीच्या हातातलं फूल, सगळं निरखत. अर्ध्या डावात त्यांच्या हातात चौकटची पंजी आली. टेबलावर इस्पिकची छक्की उघडी होती. राधाबाईंनी पंजी धरली ती धरलीच, लावेनात की टाकेनात.

मीराबाईंनी पेपरावरून पाहिलं. वाट पाहिली. मग राहवेना, त्या दोनदा खोकल्या आणि घसा साफ केला.

"दिसतंय गो मला," राधाबाई म्हणाल्या आणि पंजी छक्कीवर लावली. त्यांना हसू आवरत नव्हतं. "पण तू खोकत जा अधूनमधून. घर भरलेलं वाटतं."